दुखणे अंगात, खूण डोळ्यांत

आज आपण डोळ्यांविषयी थोडे वाचू.

डोळे आले, डोळ्यांत कुसळ गेले, मोतीबिंदू झाला, ही दुखणी आपल्या ओळखीची आहेत. पण कधी कधी त्रास डोळ्याला होतो आणि त्याचे मूळ डोळ्यात नसतेच. मूळ असते अंगातल्या दुसऱ्याच आजारात. किंवा त्या आजारावर आपण जे औषध घेतो, त्या औषधात. अशा वेळी डोळा आपल्याला खूण करतो. ती खूण वेळेवर ओळखली तर नजर वाचते. कधी कधी जीवही वाचतो.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. शेजारच्या आबांमुळे शिकलो आणि माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलो. म्हणून ती आधी सांगतो.

मिरचीची गोष्ट

आबा म्हणजे पंचगंगेकाठचे शेतकरी. वय साठीच्या पुढे. शाळेचे तोंड त्यांनी लहानपणी पाहिले नव्हते. पण म्हातारपणी जिद्दीने आमच्या साक्षर वर्गाला येऊ लागले. सही करायला शिकले. मग एस. टी. ची पाटी वाचायला शिकले. त्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला पेढे वाटले.

त्याच वर्षी त्यांना खोकला लागला. तपासणीत क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातून फुकट औषध सुरू झाले. आबांनी एक दिवसही गोळी चुकवली नाही. खोकला गेला. वजन वाढले. सगळे ठीक चालले होते.

पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी आबा मला म्हणाले, “मास्तर, फळ्यावरचं अक्षार मधीच पुसल्यागत दिसतंय बघा.”

मी हसलो. म्हणालो, “आबा, वय झालं आता. मोतीबिंदू असंल. सुगी झाली की दाखवू.”

ही माझी चूक.

पुढे आठ-पंधरा दिवसांनी आबा आणि काकू अंगणात मिरची निवडत बसले होते. पिकलेली तांबडी एका बाजूला, हिरवी एका बाजूला. काकू एकदम ओरडल्या, “आवो, ही तांबडी न्हवं का? हिरव्यात कशाला टाकताय?” आबांनी मिरची डोळ्यांजवळ नेली. म्हणाले, “मला दोन्ही मातकटच दिसत्यात गं.”

आबांनी चष्म्याच्या दुकानात जाऊन नजर तपासून घेतली. कुठलाच नंबर लागू पडेना. असे तीन आठवडे गेले. शेवटी गोळ्या मोजायला आलेल्या आशाताईंच्या कानावर हे गेले. त्या चटकन उठल्या. म्हणाल्या, “आबा, उद्या नको. आजच चला.”

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आबांपुढे रंगीत ठिपक्यांचे पुस्तक धरले. ठिपक्यांत आकडे लपलेले होते. आबांना आकडे शिकवले होते मीच. पण त्यांना एकही आकडा दिसेना. डॉक्टर म्हणाले, “हा मोतीबिंदू नव्हे. डोळ्यामागच्या नसेला औषध बाधले आहे.”

असे कसे झाले?

डोळा कसा काम करतो ते आधी पाहू. डोळ्याच्या पुढे एक काच असते. तिच्यामागे बाहुली. बाहुलीमागे भिंग. भिंगातून उजेड आत जातो आणि मागच्या पडद्यावर पडतो. त्या पडद्यापासून एक जाड नस मेंदूकडे जाते. आपण खरे पाहतो ते मेंदूने.

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घ्या. मोटार चांगली आहे. विहिरीला पाणी आहे. पण मधली तार जळाली, तर पाणी चढेल काय? आबांची काच चांगली होती. भिंग बरे होते. त्रास झाला होता तारेला, म्हणजे नसेला. म्हणून चष्म्याचा उपयोग होईना.

क्षयाच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे असतात. पुढचे चार महिने तीन. ही औषधे एकाच गोळीत मिसळलेली असतात. त्यांतल्या एकाचे नाव इथॅम्ब्युटॉल. औषध मोलाचे आहे. क्षयाच्या जंतूंना ते आवरते. पण थोड्या माणसांच्या डोळ्यांच्या नसेला ते बाधते. बहुधा दोन महिने उलटल्यावर बाधते. दोन्ही डोळ्यांना बाधते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. फक्त समोरचे मधोमध पुसट दिसते आणि तांबडा-हिरवा ओळखू येत नाही.

हे औषध मूत्रपिंडावाटे, म्हणजे लघवीवाटे, बाहेर पडते. ज्यांचे मूत्रपिंड अधू, त्यांच्या अंगात ते साठून राहते. त्यांना धोका जास्त. आबांना जुना मधुमेह होता. त्याने त्यांचे मूत्रपिंड अधू झाले होते. ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

क्षयाच्या डॉक्टरांनी ते एक औषध बंद केले आणि बाकीचे उपचार आपल्या देखरेखीखाली पुरे केले. क्षय बरा झाला. काही महिन्यांनी आबांना तांबडी मिरची तांबडी दिसू लागली. पण नजर पहिल्यासारखी झाली नाही. मोठे अक्षर वाचता येते. वर्तमानपत्र वाचता येत नाही.

हे औषध वेळीच थांबवले तर पुष्कळांची नजर सुधारते. उशीर झाला तर नस कायमची जाते. म्हणून ते तीन आठवडे मला अजून टोचतात. आबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

पण घाबरून क्षयाचे औषध स्वतः सोडू नका, बरे का. अर्धवट सोडले तर जंतू मातब्बर होतात. मग साध्या औषधाला दाद देत नाहीत. अशा हट्टी क्षयाला लिनेझोलिड नावाचे औषध देतात. तेसुद्धा डोळ्यांच्या नसेला बाधू शकते. म्हणून नियम असा: नजर बदलली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. काय थांबवायचे आणि काय चालू ठेवायचे ते त्यांनी ठरवायचे.

आणखी एक. क्षयाच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनने लघवी तांबूस नारिंगी होते. अश्रूसुद्धा नारिंगी होतात. त्याला भिऊ नका. त्याने नजरेला अपाय नाही.

साखर आणि डोळा

आता मधुमेहाचे पाहू. उसाला पाणी पाजताना पाटाचा बांध खचला तर काय होते? पाणी नको तिथे पाझरते, आणि सरीच्या टोकाला पोचतच नाही. मधुमेहात डोळ्यांच्या पडद्यावर असेच होते. तिथल्या रक्ताच्या नळ्या बारीक असतात. वर्षानुवर्षे रक्तात साखर जास्त राहिली की त्या कमजोर होतात. कुठे पाझरतात. कुठे बुजतात. मग नव्या, कच्च्या नळ्या फुटतात. त्या तुटल्या की डोळ्यात रक्त उतरते.

यातली वाईट गोष्ट ही की सुरुवातीला काहीच कळत नाही. दुखत नाही. दिसायला कमी होत नाही. समजते तेव्हा बरेच नुकसान झालेले असते. म्हणून मोठेपणी मधुमेह निघाला की लगेच डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा. पुढे दरवर्षी एकदा. डॉक्टर औषध घालून बाहुली मोठी करतात आणि आत पाहतात. लेसरच्या किरणांनी किंवा डोळ्यात इंजेक्शन देऊन राहिलेली नजर राखता येते. गेलेली सगळी परत आणता येईलच असे नाही.

मधुमेहात आणखी एक गंमत होते. साखर वर-खाली झाली की डोळ्याच्या भिंगात पाणी कमी-जास्त होते आणि चष्म्याचा नंबर बदलतो. पुष्कळ लोक साखर वाढलेली असताना चष्मा करतात. साखर आटोक्यात आली की तो चष्मा लागत नाही. मग दुकानदाराशी भांडतात. भांडू नका. आधी साखर स्थिर करा, मग चष्मा करा.

मधुमेहाच्या माणसाला कधी अचानक एकाची दोन दिसू लागतात. किंवा एक पापणी खाली पडते. हे डोळा हलवणाऱ्या नसेचे दुखणे असते. हे पुष्कळदा काही महिन्यांत बरे होते. पण मेंदूतल्या मोठ्या दुखण्याचीही हीच खूण असते. म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रक्तदाब फार वाढला तरी याच पडद्याला इजा होते. एखादी नळी एकाएकी बंद होते आणि एका डोळ्याने झपकन कमी दिसू लागते. ज्याला रक्तदाब आहे त्याने, गोळीने बरे वाटते म्हणून, गोळी सोडू नये.

सन २०२१ चा उन्हाळा

सन २०२१ चा उन्हाळा आठवा. करोनाची दुसरी लाट होती. त्या दिवसांत एक नवेच नाव कानांवर आले: काळी बुरशी. डॉक्टर तिला म्युकरमायकोसिस म्हणतात. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना सांगितले, की या रोगाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवला गेला पाहिजे. जूनच्या अखेरीपर्यंत देशात ४० हजारांवर रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांत रुग्ण फार होते. आपल्या कोल्हापुरातही होते.

ही बुरशी आली कोठून? ती आपल्या शेतात आहे. मातीत आहे, कुजक्या पाचोळ्यात आहे, शेणखतात आहे. तिची धूळ आपण सगळेच रोज नाकात घेतो. धडधाकट अंग तिला मारून टाकते. मग त्या साली काय झाले?

करोनाने छाती भरून आलेल्या माणसाला स्टेरॉइड नावाचे औषध देत. ज्याला प्राणवायू लावावा लागतो अशा रुग्णाचा जीव त्याने वाचतो, हे २०२० साली सिद्ध झाले. पण त्याच औषधाने रक्तातली साखर वाढते आणि अंगाची झुंजण्याची ताकद कमी होते. कुणाला ते गरज नसताना मिळाले. कुणाला जास्त दिवस मिळाले. कुणाला मधुमेह होता आणि साखर मोजली गेली नाही. अशा माणसांत बुरशीला रान मोकळे मिळाले. ती नाकात रुजली. नाकाशेजारच्या पोकळीतून डोळ्यामागे गेली. तिथून मेंदूकडे निघाली. कित्येकांचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना त्यांचा डोळा काढावा लागला.

करोनाची ती लाट गेली. बुरशी गेलेली नाही. साखर हाताबाहेर गेलेल्या माणसाला ती आजही धरते. तिच्या खुणा पाठ करा. एका बाजूचा गाल दुखतो किंवा बधिर होतो. नाक चोंदते, काळपट किंवा रक्ताळ शेंबूड येतो. डोळा सुजतो. पापणी पडते. एकाची दोन दिसतात. अशा वेळी एक रात्रही थांबू नये. गाडी करावी आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात जावे. कोल्हापुरात आपण ज्याला थोरला दवाखाना म्हणतो, तो छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, त्यासाठीच आहे.

दुकानातली ड्रॉपची बाटली

आता सगळ्यांत घरगुती धोका सांगतो. डोळा लाल झाला, खाजला, की आपण दुकानात जातो. “डोळ्याचं औषध द्या,” म्हणतो. दुकानदार एक लहान बाटली देतो. दोन थेंब टाकले की डोळा पांढरा स्वच्छ होतो. मग तीच बाटली आपण वर्षभर आणत राहतो. पोराला घालतो, सुनेला घालतो, शेजाऱ्यालाही देतो.

अशा पुष्कळ बाटल्यांत स्टेरॉइड असते. डॉक्टरांच्या नजरेखाली ते डोळा वाचवते. नजरेआड ते डोळा खाते. महिनोन्‌महिने घातले की डोळ्याच्या आतल्या पाण्याचा दाब वाढू शकतो. हाच काचबिंदू. तो दुखत नाही. बाजूची नजर हळूहळू जाते, आणि गेलेली परत येत नाही. शिवाय तरुणपणीच मोतीबिंदू होतो. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने मेलेली नस जिवंत करता येत नाही.

ऊस तोडताना पाते डोळ्याला लागते. हे आपल्याकडे घरोघरी घडते. पात्याबरोबर बुरशी डोळ्याच्या काचेत शिरते आणि तिथे जखम चिघळते. अशा डोळ्यात स्टेरॉइडचा थेंब पडला तर बुरशीला खतच मिळते. डोळ्यावर पांढरा ठिपका दिसला, उजेड सोसवेना, पाणी वाहू लागले, तर थेंब, मध, दूध, कुणाची जीभ, काहीच लावू नका. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

सांधेदुखीच्या पुड्यांचेही तसेच आहे. बाजारात कुणी पुडी देतो. एका दिवसात गुडघा मोकळा होतो. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते. त्यानेही साखर वाढते, मोतीबिंदू होतो. पण महिनोन्‌महिने घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केले तर माणूस कोसळू शकतो. म्हणून पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्यांना खरे सांगावे. ते हळूहळू कमी करतील.

सांधे दुखतात, डोळा लाल होतो

तरण्या माणसाची कंबर पहाटे ताठ होते. उठल्यावर चालून मोकळी होते. अशा माणसाचा एक डोळा एकाएकी लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. घरचे म्हणतात, डोळे आलेत. पण डोळे येतात तेव्हा चिपडे धरतात, घरात दुसऱ्यालाही येतात. इथे चिपडे नाहीत. इथे डोळ्याच्या आत सूज आहे. कंबर आणि डोळा यांचा आजार एकच आहे. उपचार लांबला तर बाहुली आत चिकटते. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना कंबरेचे दुखणे जरूर सांगावे. आपल्याला वाटते, डोळ्याला कंबरेचे काय? पण तेच सांगायचे असते.

सांधेवाताला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन नावाची गोळी देतात. गोळी चांगली आहे. पण बरीच वर्षे घेतली तर थोड्यांच्या पडद्याला बाधते. म्हणून ती सुरू करताना डोळे तपासावेत. पाच वर्षे झाली की पुढे दरवर्षी तपासावेत. मूत्रपिंड अधू असेल तर त्याच्या आधीपासूनच.

म्हाताऱ्या पुरुषांना लघवी तुंबते म्हणून टॅम्सुलोसिन नावाची गोळी देतात. ती नजरेला बाधत नाही. पण तिने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो. मोतीबिंदू काढताना तो मध्ये मध्ये येतो. डॉक्टरांना आधी कळले तर ते तयारीने बसतात. म्हणून ही गोळी चालू असो की पूर्वी घेतलेली असो, ऑपरेशनआधी सांगावे.

आपण काय करायचे?

आपण आता वाचायला शिकलो आहोत. या विद्येचा इथे उपयोग करू. गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. म्हणून डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगा, “नाव मराठीत लिहून द्या.” एका वहीत ते लिहून ठेवा. औषध कशाचे, कधी सुरू केले, हेही लिहा. ज्या पाकिटावर तांबडी उभी रेघ असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. दवाखान्यात जाताना वही न्या, सगळी पाकिटेही न्या. मूळव्याधीची असो, की आणखी कशाची.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक परीक्षा घ्या. भिंतीवरचे कॅलेंडर घ्या. त्याच्यापासून रोजच्या एकाच जागी उभे राहा. एक डोळा तळहाताने झाका आणि तारखा वाचा. मग दुसरा झाका आणि वाचा. रविवारचा तांबडा आकडा दोन्ही डोळ्यांना सारखाच तांबडा दिसतो का, ते पाहा. एक डोळा अधू झाला तरी दुसरा काम भागवतो, म्हणून आपल्याला कळत नाही. झाकून पाहिले की कळते. क्षयाचे औषध चालू आहे त्याने ही परीक्षा दर आठवड्याला घ्यावी.

एवढे ध्यानात ठेवा

१. नजर एकाएकी कमी झाली, एकाची दोन दिसू लागली, डोळ्यापुढे काळा पडदा आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.
२. रंग फिके किंवा वेगळे दिसू लागले तर ते म्हातारपण समजू नका. कोणते औषध चालू आहे ते सांगा.
३. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासा. डोळा चांगला दिसत असला तरी तपासा.
४. दुसऱ्याची ड्रॉपची बाटली आपल्या डोळ्यात घालू नका.
५. कोणतेही औषध भीतीने स्वतः सोडू नका, आणि संकोचाने लपवूही नका.

आबा अजून वर्गाला येतात. पहिल्या ओळीत बसतात. मी त्यांच्यासाठी पाटीवर मोठे अक्षर काढतो. ते बोट फिरवत वाचतात. नवा कोणी क्षयाचा किंवा साखरेचा माणूस वर्गाला आला की आबाच त्याला विचारतात, “काय रे, तांबडी मिरची तांबडी दिसतीया न्हवं?”

तुम्हीही आपल्या घरात हे विचारा. आणि कुणी म्हणाले, “मला नीट दिसत नाही,” तर माझ्यासारखे हसू नका.

विचार करा

१. आबांना चष्म्याचा उपयोग का झाला नाही?
२. साखर वाढलेली असताना चष्मा का करू नये?
३. तुमच्या घरात कोण कोणते औषध घेतो? त्यांची नावे वहीत लिहा.